उतारावरची तबकडी

दळवी, तुझ्या त्या फोटोचा रिपोर्ट द्यायचा राहून गेला. तू मागे लागायचास, मी टाळायचो. आता मागे लागणारं कोणी नाही, तर बसलोय लिहायला. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

इथं ओमानात, आमरातच्या कब्रस्तानात तुला मूठमाती देऊन आलो, त्याला काही आठवडे झाले. तिथं काय करायचं, कुठं उभं राहायचं, मला काही ठाऊक नव्हतं. तुमच्या गाववाल्यांनी हाताला धरून पुढे नेलं, म्हणाले, दळवीभाई, तुम्ही पण टाका. टाकली. ती माती नव्हतीच रे, खडीच होती सगळी. आपल्याकडची लाल माती हाताला चिकटते तरी. ही झटकली नि गेली. घरी आल्यावर हात धुवायलाही काही उरलं नव्हतं.

शुक्रवार दुपार मात्र जाता जात नाही. तुझी जुम्म्याची नमाज आटपली की गाडी काढायचास आणि माझ्या बिल्डिंगखाली दोनदा हॉर्न मारायचास. दार्सैतच्या त्या गल्लीत शुक्रवारी शंभर गाड्या हॉर्न मारतात. आजही कुणी मारला की मी गॅलरीत जातो. गेल्या आठवड्यात एका टॅक्सीवाल्याने वर बघून हात केला. मीही केला.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. रुवीच्या त्या दवाखान्यात नर्सने हाक मारली, "दळवी", आणि दोन माणसं उठली. तू म्हणालास, "मी आधी आलोय." मी म्हणालो, "नंबर माझा आहे." नर्स बिचारी मल्याळी, तिला आपलं मराठी भांडण काय कळणार. शेवटी दोघं एकदमच आत गेलो. तुला साधा खोकला, मला साधा खोकला. बाहेर येऊन चहा प्यालो तेव्हा कळलं, तू रत्नागिरीच्या खाडीकाठचा, मी वर संगमेश्वरकडचा. तू सलीम, मी शरद. पण त्या दिवसापासून तू मला दळवी म्हणायचास नि मी तुला दळवी. गाला भागातल्या तुझ्या स्पेअरपार्टच्या दुकानातली पोरं गोंधळायची. तुला त्याचीच मजा वाटायची.

मग तो डबा सुरू झाला. सुनंदाच्या नि माझ्या लग्नातला, पसरट, जाड स्टीलचा. झाकणावर गोल वळ्या, मधोमध बोंडासारखी मूठ आणि काठाला तिच्या वडिलांनी कोरून घेतलेलं 'दळवी'. सुनंदाने एकदा त्यातून तुमच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. आठवड्याने डबा परत आला तो शमीमवहिनींच्या सांदणांनी भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तुमच्या खाडीकाठीही तसंच नि आमच्याकडेही तसंच. मग काय, तो डबा थांबेचना. इकडून घावने, तिकडून खाजा. तू म्हणायचास, "झाकणावर नाव दोघांचंच, मग डबा नक्की कुणाचा?" सुनंदा म्हणायची, "ज्याच्याकडे भरलेला आहे त्याचा."

पुढे आई अंथरुणाला खिळली, मुलाचं कॉलेज आलं आणि सुनंदा त्याला घेऊन गावी गेली. थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेली. इथल्या निम्म्या बायका थोड्या महिन्यांसाठीच गेलेल्या असतात. मी मागे राहिलो, त्या दोन खोल्यांत. ऑफिसला जायचो, यायचो. शुक्रवारी पडदे ओढून झोपायचो, ते थेट अंधार पडल्यावर उठायचो. तू जेवायला बोलवायचास. मी कधी म्हणायचो पोट बिघडलंय, कधी कणकण आहे, कधी साहेबाने ओव्हरटाइम लावलाय. तू म्हणालास, "दळवी, तुझं पोट सारखं शुक्रवारीच कसं बिघडतं?" मी फोन ठेवून दिला. भरल्या घरात जाऊन जेवायचं आणि परत येऊन आपल्या कुलपात किल्ली घालायची, ते मला नको होतं. डबा तेव्हा तुमच्याकडेच राहिला होता.

आणि मग एका शुक्रवारी तू न सांगता आलास. जिना चढून घामाघूम. एका हातात टॉवेलात गुंडाळलेला डबा, दुसऱ्या हातात फोन. डबा माझ्या पोटाशी ढकललास नि फोन नाकासमोर धरलास.

"बघ."

काळपट डोंगर, वर पांढरं पडलेलं आकाश आणि डोंगराच्या कडेवर एक चंदेरी तबकडी. वर छोटासा घुमट. मी झोपेतून उठलेलो, बनियनवर.

"काय आहे हे?"

"ते तू सांग. वतय्या ओलांडून उतारावर आलो नि समोर हे. गाडी थांबवून काढला. तू फिल्म वाचणारा ना? मग वाच."

तुला माझी नस बरोबर ठाऊक होती. माझं आयुष्य गेलं पाइपांच्या जोडांचे एक्स-रे वाचण्यात. वेल्डिंगच्या आत भेग आहे का, पोकळी आहे का, ते उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवून सांगायचं. आणि या कामात पहिला धडा एकच असतो. काही दिसलं की आधी विचारायचं, हे लोखंडात आहे का फिल्मवर? नुसता नखाचा दाब पडला तरी फिल्मवर चंद्रकोर उमटते. पाण्याचा थेंब वाळला तरी डाग राहतो. नवा माणूस त्याला भेग समजतो नि चांगला पाइप कापायला लावतो. म्हणून फिल्म तिरकी करून बघायची. खोट असेल तर जोड दुरुस्त करायचा आणि शंका असेल तर लिहायचं, रीशूट. परत फोटो काढा.

मी चष्मा शोधला. खुर्ची ओढली. तू पंख्याखाली बसलास आणि मी बोलायला लागलो, ते किती वेळ बोलत होतो देव जाणे. डोंगराची कड बघ किती रेखीव आहे, म्हटलं, आणि तबकडीची कड मऊ. लांबची वस्तू असती तर दोन्ही सारख्या आल्या असत्या. हवेत धूळ आहे म्हणून डोंगराचा काळा रंग राखाडी झालाय, पण तबकडीवर धुळीचा मागमूस नाही, लख्ख आहे. म्हणजे ही वस्तू डोंगरावर नाहीच. तुझ्या हाताच्या अंतरावर आहे.

"काच होती का मध्ये?"

"नाय. उतरून काढला."

"घे शपथ."

"उठसूट शपथ घेणं आमच्यात बरं नाय."

"मग मूळ फोटो दे. व्हॉट्सॲपवरून आलेलं काही कामाचं नाही."

"डोळ्यांनी दिसतंय ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला? तू फक्त एकदा म्हण, दळवी, दिसली."

"दिसायला काय, दिसतं सगळंच. आहे का नाही ते महत्त्वाचं."

"नको म्हणूस. पुढल्या शुक्रवारी म्हणशील."

तू गेल्यावर मी डबा उघडला. सांदणं होती, अजून गरम. उभ्या उभ्या सगळी खाल्ली. त्या दिवशी पडदे उघडेच राहिले.

मग पुढच्या कित्येक वर्षांचे शुक्रवार त्या तबकडीने खाल्ले. विमान म्हण, तर तू म्हणणार पंख कुठायत. फुगा म्हण, तर दोरी कुठाय. ड्रोन म्हण, तर तू मोबाइलवर दहा ड्रोन दाखवणार नि विचारणार, यातलं कुठलं. एकदा तर तू मला त्या उतारामागच्या टेकाडावर चढवलंस, वर काही खुणा दिसतात का बघायला. दोघं धापा टाकत वर पोचलो. एक फाटकी चप्पल नि दोन बकऱ्या मिळाल्या. तू म्हणालास, "चप्पल परग्रहावरची दिसत्ये." मी इतका हसलो की पोटात कळ आली. सुनंदाला व्हिडिओवर सांगितलं तर ती म्हणाली, खूप दिवसांनी हसताय.

आणि डबा परत फिरू लागला. तू भरून आणायचास, मग मला भरून द्यायला नको? मला करता येतो काय तर वरणभात. पहिल्यांदा खजूर घातले. दुसऱ्यांदा केळी. एकदा तर चक्क ग्लुकोजची बिस्किटं ओळीने मांडून दिली. वहिनी म्हणे हसून हसून रडल्या. शेवटी लाजेखातर सुनंदाला विचारून उपमा शिकलो, शिरा शिकलो. पहिला शिरा तू खाल्लास नि म्हणालास, "वेल्डिंगला चालंल." पण डबा पुसून खाल्लास.

तुझं मात्र हसं झालं. गालाच्या चहाच्या टपरीवर लोक तुला तबकडी म्हणायला लागले. "या तबकडीशेठ, आज कुठे उतरली?" कुणीतरी तो फोटो ग्रुपवर टाकला, वर माकडाचं चित्र. तुझ्या झोयाच्या शाळेतही पोचला, पोरगी आठ दिवस तुझ्याशी बोलली नाही. मला राग यायचा. लोकांचा नाही, तुझा. इतका व्यवहारी माणूस, बेअरिंग हातात घेऊन नुसत्या वजनावरून खरं-खोटं सांगणारा, आणि या एका गोष्टीत असा अडेलतट्टू. मी म्हणायचो, "अरे जनाची नाही तर मनाची?" तू म्हणायचास, "हसू देत की. आपलं काय जातंय?"

शेवटच्या शुक्रवारी मी निकराला आलो. म्हटलं, "मूळ फोटो आण, मी लेखी रिपोर्ट देतो. नाहीतर विषय खलास." तू जिन्यात उभा होतास, एक पायरी खाली.  मग म्हणालास, "पुढल्या शुक्रवारी. इन्शाल्ला."

मंगळवारी दुकानातच छातीत दुखलं तुला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

परवा तुझ्याकडे गेलो होतो. वहिनी इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे बाईने काही महिने परपुरुषासमोर यायचं नसतं, त्यामुळे आत गेलो नाही, दारातच खुर्ची टाकून बसलो. आतून त्यांचा आवाज आला, "भाऊ, बरे आहात ना?" त्यांनी मला विचारावं हे. मी म्हटलं, हो वहिनी.  इद्दत संपली की सगळे गावी जाणार आहेत. तूच नाहीस तर इथला व्हिसा कुठला? दुकान तुझ्या पार्टनरकडे जाईल. झोयाचं पुढचं शिक्षण तिकडेच. म्हणजे गालाच्या त्या घराचं दारही मला बंद होणार, हे तिथं बसल्या बसल्या लक्षात आलं.

झोया बाहेर आली. हातात तुझा फोन. पोरीचं मराठी तुला ठाऊक आहे, शोधत शोधत बोलते.

"काका, एक विचारायचं होतं. तो यूएफओवाला फोटो. सगळे हसायचे. अब्बा खरंच... म्हणजे ते बिलीव्ह करायचे का तसं? का खोटं बोलत होते?"

तिला दोनांतलं एक हवं होतं, आणि दोन्हीही बाप म्हणून वाईटच. एकात तू भोळसट, दुसऱ्यात लबाड. पोरगी देश सोडून चालली आहे आणि जाताना बापाचं हे एवढं तिला माझ्याकडून घेऊन जायचं होतं. मी म्हटलं, "मूळ फोटो बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही." कामाची सवय, बाकी काही नाही.

तिने फोटो काढला. म्हणाली, "हा तर क्रॉप केलाय. करायला मीच शिकवलं होतं त्यांना." मग तिने कुठेतरी बोट दाबलं आणि दळवी, तुझा फोटो चारी बाजूंनी उघडला. वरच्या कोपऱ्यात आरसा आणि त्याला लटकलेली तुझी तसबीह, जपाची माळ. बाजूला काचेवर चिकटवलेला पासचा स्टिकर. आणि खाली, डॅशबोर्डवर, भर उन्हात चमकत बसलेला आमचा डबा. झाकणाच्या वळ्या, मधली बोंडासारखी मूठ. समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलेलं, ते नेमकं डोंगराच्या कडेवर.

मला आधी हसू आलं. त्या डब्यातलं सगळं कायम गरम कसं असायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ओमानच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवला की भट्टीची गरज नाही. हे डोकं आपल्या कोकणी माणसाचंच. मी झोयाला म्हणणार होतो, बघ, चूक झाली बिचाऱ्याची, कुणाचीही होईल. तेवढ्यात तिने पुढचा फोटो सरकवला.

तोच उतार, तोच विजेचा खांब, तोच डोंगर. डॅशबोर्ड रिकामा. तबकडी नाही.

आणि त्याच्या पुढचा फोटो. शेजारच्या सीटवर डबा, त्याला पट्टा लावलेला, शहाण्या पाहुण्यासारखा.

म्हणजे तू रीशूट केलं होतंस. लेका, मला वर्षानुवर्षं त्या टेकाडाच्या बकऱ्या मोजायला लावल्यास आणि तू तिथल्या तिथे, गाडीतल्या गाडीत, डबा हलवून परत फोटो काढून मोकळा झाला होतास. तो पट्ट्याचा फोटो तू मलाच पाठवायला काढला असणार. बघ तुझा डबा कसा उडत होता, असं काहीतरी लिहून. पाठवला नाहीस. त्या उतारापासून माझ्या जिन्यापर्यंत कुठेतरी तुझं ठरलं, फोटोचे काठ कापायचे आणि दळवीला उठवायचं.

"म्हणजे अब्बांना माहीत होतं?" झोया म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग का? लोकांनी इतकी मस्करी केली. एकदा सांगायचं ना."

मला तिच्या डोळ्यांत बघवेना. मी म्हटलं, सांगतो, जरा वेळ दे. आणि निघून आलो. सुतासारखा सरळ रिपोर्ट लिहिणारा माणूस मी, दारातून पळून आलो.

घरी ओट्यावर डबा होता. तुझ्या शेवटच्या शुक्रवारचा, घासून पालथा घातलेला. पाळी माझी होती. मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसलो आणि रडलो, तुला मूठमाती देतानाही रडलो नव्हतो तसा. तुझं जाणं आहेच. पण हे जे तू केलंस ते तुझ्या तोंडावर मला ओळखता आलं नाही, त्याचं रडू होतं. आता आभार कुणाचे मानू? आणि तू असतास तर मानू दिले असतेस का? म्हणाला असतास, "दळवी, जास्त शहाणपणा नको."

आज शुक्रवार. सकाळी शिरा केला. वेल्डिंगला चालणार नाही असा झाला, म्हणजे बरा झाला. डब्यात भरून तुझ्याकडे नेला. झोयाने डबा आत नेला, मला पाणी दिलं. मी उठायला लागलो तर आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, थांबा. रिकामा कसा देऊ?" मी म्हटलं, "वहिनी, आता या दिवसांत कशाला?"  आत भांड्यांचा आवाज येत राहिला. झोयाने डबा आणून दिला तेव्हा तो जड होता.

"सांदणं आहेत," ती म्हणाली. "काका, तुम्ही सांगणार होता."

"घरी जाऊन सांगतो."

डबा गाडीत ठेवताना हात आधी सीटकडे गेला. मग मी तो उचलून डॅशबोर्डवर ठेवला, तू ठेवायचास तसा. कुर्म गेलं, वतय्या गेलं. उताराला लागलो आणि बघतो तर डोंगराच्या कडेवर, पांढऱ्या आकाशात, अगदी त्याच जागी.

गाडी बाजूला घेतली. फोटो काढला. काठ कापले नाहीत. झोयाला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझ्या अब्बांनी मला जेवायला बोलावलं होतं, पुष्कळदा. मी गेलो नाही. भांडायला बोलावलं, म्हणून उठलो. त्यासाठी त्यांनी लोकांना हसू दिलं. काका."

 नुसत्या दोन निळ्या खुणा आल्या. मीही फोन खाली ठेवला. मागून गाड्या हॉर्न मारत जात होत्या, एसी चालू होता आणि काचेत ती तबकडी थरथरत होती. शेजारची सीट रिकामी होती. तुझा हट्ट होता, एकदा तरी तोंडाने म्हण. इतकी वर्षं म्हटलं नाही. तिथं गाडीत, कुणी ऐकायला नसताना, मोठ्याने म्हटलं.

दळवी, दिसली.